अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी

मी आजवर दोन संस्थांचा सेक्रेटरी होतो. एक आमची भाईंदरच्या इंद्रलोक भागातली हाउसिंग सोसायटी. दुसरी अस्तित्वातच नव्हती. दोन्हींत कारभार दुसरीचा चोख होता. तिला लेटरहेड होतं, गोल शिक्का होता, लाल कापडी बांधणीची इतिवृत्ताची वही होती आणि तिच्या सभेत कुणी कुणाच्या अंगावर धावून जात नसे. पहिलीत टँकर उशिरा आला तरी माझा राजीनामा मागितला जायचा.

ही दुसरी संस्था एका प्रोग्रॅमसाठी होती. नवं शतक सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. घरोघर संगणक येत होते, पण त्यावर मराठी लिहिणं म्हणजे वैताग. एका संगणकावर लिहिलेलं दुसऱ्यावर उघडलं की अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे. गोडदेवला राहणारा माझा एक मित्र बँकेच्या संगणक विभागात होता. त्याने स्वतःच्या सोयीसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. तुम्ही दोन-तीन अक्षरं लिहिलीत की तो पुढचा अख्खा शब्द सुचवायचा. मग त्याने तो आतल्या कारागिरीसकट इंटरनेटवर ठेवून दिला. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, बदलावा, वाटावा. अट एकच, तुम्ही केलेली सुधारणाही अशीच सगळ्यांना मोकळी ठेवायची. पुण्याचा एक, बंगळूरचे दोघे, नागपूरच्या एक बाई अशी माणसं हळूहळू जमली. सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून फुकट राबणारे. त्यांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. जे काही बोलणं व्हायचं ते ई-मेलवर. एकाने लिहिलं की सगळ्यांना पोचायचं.

मला प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता. आजही येत नाही. मी मेनूतले ‘फाइल’, ‘बदल’, ‘मदत’ हे शब्द ठरवले आणि त्यानंतर इतरांच्या कामातल्या चुका काढल्या. हे दुसरं काम मी इतक्या निष्ठेने केलं की मित्र एकदा म्हणाला, “तू सोसायटीत सेक्रेटरी आहेस ना? इथेही तूच हो. निदान तुझी पत्रं आम्हाला यायची थांबतील आणि बाहेर जातील.” त्याने हे चिडून म्हटलं होतं. मी ते नेमणूक म्हणून घेतलं.

त्याच सुमारास उत्तनचे सर आले. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. पिढ्यान्‌पिढ्या उत्तनचेच, घरात मासेमारी, थोडी वाडी, रविवारी चर्च. भाईंदर पश्चिमेच्या एका सायबर कॅफेत त्यांनी आमचा प्रोग्रॅम पाहिला आणि त्यात खाली दिलेल्या पत्त्यावर, म्हणजे माझ्या घरी, एक रविवार बुडवून थेट हजर झाले. हातात कापडी पिशवी, पिशवीत अकरा वह्या.

“तुमच्या यंत्राला उधाण माहीत आहे,” ते खुर्चीत बसता बसता म्हणाले, “भांगाची भरती माहीत नाही.”

“ती काय असते, सर?”

“म्हणजे तुम्हालापण माहीत नाही. उधाणाला पाणी वर चढतं. अष्टमीच्या आसपास चढत नाही, ती भांगाची. आमच्याकडं पोरं चालायच्या आधी हे शिकतात.” मग माझ्या बायकोकडे बघून, “वैनी, ह्यांना काय ठाव न्हाय.”

“मला सांगताय?” बायको म्हणाली.

वह्यांमध्ये त्यांच्या गावाचे शब्द होते. जाळ्याचे, वाऱ्याचे, खाजणाचे, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यांचे, लग्नात म्हणायचे, मयताला म्हणायचे. सर वर्गात प्रमाण भाषा शिकवत आणि घरी आले की आई-आत्यांना बसवून हे लिहून घेत. पुढे वर्षभर बसून त्यांनी ते सगळं एका बोटाने संगणकावर चढवलं. यादीला तीन रकाने होते. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात कुणी सांगितला आणि काय करताना. ‘थोरली आत्या, बोंबील वाळत घालताना.’ ‘शेजारची म्हातारी, भांडताना.’ ‘आई, शेवटच्या दुखण्यात.’

वह्या आणि यादी माझ्या हवाली करताना ते म्हणाले, “शब्द कुणालाही द्या. कुणा एकट्याला देऊ नका. आणि तिसऱ्या रकान्याला हात लावू नका. ह्यातल्या निम्म्या बायका गेल्या. त्या आता तेवढ्याच उरल्यात.”

“सर, आमच्या परवान्यातच ते आहे,” मी म्हणालो. परवाना मी वाचलेला नव्हता, तो इंग्रजीत होता आणि लांबलचक होता. नशिबाने त्यात खरंच तसं होतं.

पुढे एका कॉलेजला हा प्रोग्रॅम आपल्या संगणकांवर बसवायचा होता. त्यांनी पत्र पाठवून विचारलं, की याची मालकी कुणाची आणि परवानगीवर सही कुणाची. मित्र म्हणाला, “कुणाचीही कर. परवानगी दिलेलीच आहे.” पण सही म्हटलं की माझ्या अंगात वारं शिरतं. सहीला अधिकार लागतो, अधिकाराला पद लागतं आणि पदाला संस्था लागते. संस्थेला घटना लागते. घटना लिहायला मला एक संध्याकाळ लागली, कारण सोसायटीचे छापील उपविधी मी पूर्वी स्वतः टाइप करून ठेवले होते. त्यात ‘सदनिका’ दिसेल तिथे मी ‘विभाग’ घातलं आणि ‘इमारत’ दिसेल तिथे ‘प्रकल्प’. फाइल सगळ्यांना पाठवून दिली.

तीन दिवसांनी पुण्याच्या सभासदाचं पत्र आलं. ‘कलम बावन्नप्रमाणे पाण्याची टाकी वर्षातून दोनदा साफ करून घेणे ही समितीची जबाबदारी आहे. कृपया टाकी कुठे आहे ते कळवावे, म्हणजे आमच्या वाटणीची आम्ही साफ करू.’ नागपूरच्या बाईंनी विचारलं, की आपल्या विभागाच्या खिडकीत कुंड्या ठेवायला मनाई आहे ती सगळ्यांना की फक्त दर्शनी बाजूला. मी तेवढी दोन कलमं काढली आणि उरलेली घटना बिनविरोध मंजूर झाल्याचं जाहीर केलं. बिनविरोध म्हणजे त्यानंतर कुणी काही लिहिलं नाही. लोकांना कामं होती.

मग नोंदणी. ठाण्याच्या नोंदणी कार्यालयात मी अर्ज घेऊन गेलो. खिडकीतल्या बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी सभासदांची यादी बघितली.

“पत्त्याच्या रकान्यात हे काय लिहिलंय?”

“ई-मेल, मॅडम. आमचे सभासद तिथेच असतात.”

“राहतात कुठे?”

“ते मलाही माहीत नाही.”

त्यांनी पान उलटलं. “आणि उद्देशात लिहिलंय, सभासदांसाठी प्रकल्पाला रंग लावून घेणे, गळती थांबवणे.”

अर्ज त्रुटींसह परत आला. त्रुटी नऊ होत्या आणि नऊच्या नऊ बरोबर होत्या. सगळ्या दुरुस्त करून आणतो असं सांगून मी घरी आलो, अर्ज टेबलाच्या खालच्या खणात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शिक्का करायला टाकला. नोंदणी होईलच, शिक्का तयार असलेला बरा, असा माझा विचार होता. दोन वर्षं शिक्का वापरात राहिला आणि अर्ज खणात. मेलवर कुणी विचारलंच तर ‘प्रक्रियेत आहे’ असं मी कळवायचो. हे खोटं नव्हतं. प्रक्रियेतलं माझं पाऊल तेवढं बाकी होतं.

आता ती कंपनी. मोठी नव्हती. कार्यालयांना संगणक पुरवायची आणि त्यावर मराठीची सोय द्यायची. त्यांचा माणूस माझ्या घरी आला, नीट इस्त्रीचा शर्ट, बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत, मधे मराठीची फोडणी. त्यांना आमचा प्रोग्रॅम हवा होता, पण पूर्ण. मालकी त्यांच्याकडे, पुढच्या आवृत्त्या बंद. आतलं कुणाला दिसणार नाही. त्या बदल्यात ते त्याची देखभाल करणार, माणसं नेमणार. “और वो वर्ड-लिस्ट,” तो म्हणाला, “थोडी क्लीन करावी लागेल. तिसरा कॉलम काढून टाकू. कोण आत्या, कोण मावशी, युजरला काय करायचंय?”

मी मान डोलावली. इथे मला कुणी धमकावलं नव्हतं, फूस लावली नव्हती. माझं कारण वेगळंच होतं आणि ते मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्यालाच कळेल. आमच्या बिल्डरने इमारत बांधली, फ्लॅट दिले, पण खालच्या जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणारा दस्त, काही केला नाही. सेक्रेटरी म्हणून मी वर्षानुवर्षं त्याच्या मागे होतो. त्याच्या काशीगावच्या ऑफिसात इतका जायचो की तिथला कुत्रा मला ओळखायला लागला होता. कन्व्हेयन्सचा मसुदा मला तोंडपाठ होता. आणि इथे एक माणूस माझ्या सोफ्यावर बसून म्हणत होता, की हस्तांतरणाच्या दस्तावर तुमची सही लागेल. आयुष्यात एकदा तरी कन्व्हेयन्सवर सही करायची माझी हौस होती. ती कुठल्या बाजूने होतेय याचा मी विचार केला नाही.

मित्राला विचारलं. तो थकला होता. बँकेचं काम वाढलं होतं आणि प्रोग्रॅमबद्दलच्या तक्रारी रोज यायच्या, त्यातल्या निम्म्या माझ्या. “कुणीतरी सांभाळत असेल तर सांभाळू दे रे,” तो म्हणाला. “सगळ्यांना विचार मात्र.”

विचारायचं म्हणजे विशेष सर्वसाधारण सभा. घटनेत लिहिलं होतं, सूचना चौदा दिवस आधी संस्थेच्या सूचना फलकावर लावावी. मी सूचना टाइप केली, शिक्का मारला आणि आमच्या इमारतीच्या जिन्याखालच्या फलकावर, गच्चीच्या चावीच्या सूचनेशेजारी, टाचणीने लावली. मेलवर पाठवली नाही. घटनेत मेलचा उल्लेख नव्हता. तेव्हा मला हे काटेकोरपणाचं वाटलं होतं.

सभेला तिघे होतो. मी, मित्र आणि पहिल्या मजल्यावरचे काका. काका सोसायटीच्या प्रत्येक सभेत प्रत्येक ठरावाला अनुमोदन द्यायचे; ते त्यांना इतकं छान जमायचं की मी त्यांना या संस्थेचंही सभासद करून घेतलं होतं. संगणक त्यांनी फक्त रेल्वेच्या आरक्षण खिडकीत पाहिला होता. सोसायटीच्या ऑफिसात, म्हणजे पंपाच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत, आम्ही पाच वाजता बसलो. गणसंख्या पुरी नव्हती. त्यावर उपाय सोसायटीच्या जगात सगळ्यांना माहीत असतो. गणसंख्येअभावी सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी, हजर असतील तेवढ्यांत पुन्हा भरवायची. त्या दुसऱ्या सभेला गणसंख्येची अट नसते. आमच्या इमारतीत वीस वर्षांत पाच वाजता कुठलीही सभा झालेली नाही. सगळ्या साडेपाचला झाल्या आहेत.

आम्ही चहा प्यायलो. काकांनी बटाटेवडे मागवले. साडेपाचला मी ठराव वाचला, ‘संस्थेची सर्व चल-अचल मालमत्ता, शब्दयादीसह, हस्तांतरित करण्यात यावी.’

मित्र म्हणाला, “बाकीच्यांनी काय कळवलं?”

“कुणाचाही आक्षेप आलेला नाही,” मी म्हणालो.

काका म्हणाले, “माझं अनुमोदन.” मग वड्याचा कागद चुरगळत म्हणाले, “कशाला आहे?”

ठराव कंपनीकडे गेला, सोबत यादीची फाइलही. आठवड्याभरात स्टँप पेपरवर दस्त आला, माझ्या सहीची जागा पेन्सिलीने खूण करून. सहीसाठी मी चांगला मुहूर्त बघत होतो. त्याच दिवशी मी सगळ्यांना मेलवर विजयी पत्र पाठवलं. उत्तरं यायला तासही लागला नाही. पुण्याच्या सभासदाने एकच ओळ लिहिली होती, ‘सूचना फलक म्हणजे कुठला फलक?’

सर दुसऱ्या दिवशी आले. या वेळी पिशवी रिकामी होती. वह्या परत न्यायला आणली होती.

ते ओरडले नाहीत. वर्गात ज्याने गृहपाठ केला नाही त्याच्याशी बोलावं तसं बोलले. “तुम्ही माझ्या आत्याला विकली का?”

“सर, विकली नाही, हस्तांतरित…”

“तिसरा रकाना ऱ्हानार हाय का?”

मी टेबलावरचा दस्त सरळ करून ठेवला.

“न्हाय ना. मग ती गेलीच की.” त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. “मी तुमच्या घरी दोन वेळा जेवलो. मला एक फोन न्हाय?”

“सूचना फलकावर लावली होती,” हे वाक्य माझ्या तोंडून खरंच बाहेर पडलं. आजही आठवलं की मी घरातल्या घरात खोली बदलतो.

बायको स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. ती फोर्टात एका सॉलिसिटरकडे टायपिस्ट होती. अठरा वर्षं तिने मालकी, हस्तांतर, हक्क यांचे कागद टाइप केले होते आणि त्याबद्दल घरात कधी चकार शब्द काढला नव्हता. ती हात पुसत बाहेर आली आणि दस्त वाचायला घेतला. आमच्याकडे न बघता विचारलं, “हा प्रोग्रॅम लिहिला कुणी?”

“मित्राने. आणि पुणे, बंगळूर…”

“त्यांनी तुमच्या संस्थेला लिहून दिलाय? सही करून?”

“नाही. पण सभासद आहेत की.”

“ज्याने लिहिलं त्याचं असतं. सरांची यादी सरांची. तुमची संस्था देणार काय? स्वतःचं असेल ते. तिच्याकडे आहे काय स्वतःचं?”

“शिक्का,” मी म्हणालो.

“आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक? इथे जागा रिकामी सोडलीय.”

मी ‘प्रक्रियेत आहे’ म्हणणार होतो. तिने खालचा खण उघडला. ती त्या घरात राहत होती, खणात काय आहे ते तिला दोन वर्षं माहीत होतं. त्रुटींचा कागद तिने सरांच्या हातात दिला. सरांनी चष्मा लावला आणि नऊही त्रुटी वाचल्या, पाचव्या त्रुटीला ‘बरोबर आहे’ असं पुटपुटले.

“म्हणजे संस्था नाहीच,” ते म्हणाले.

“नाहीच,” बायको म्हणाली. “बिल्डर जमीन नावावर करून देत नाही म्हणून रोज त्याच्या नावाने खडे फोडतात. त्याच्याकडे निदान जमीन तरी आहे. हे काय नावावर करून देत होते?”

सर म्हणाले, “मग हे सगळ्यांना सांगा.”

एवढंच करायचं होतं. कंपनीला कळवायचं, की ठराव करणारी संस्थाच कधी जन्मली नाही, सबब ठराव शून्य, ज्याला जे हवं त्याने ज्याचं आहे त्याच्याकडून मागावं. पण त्यासाठी दोन वर्षं लेटरहेडवर सह्या करणाऱ्या माणसाने सगळ्यांसमोर लिहायला हवं होतं, की मी कशाचाही सेक्रेटरी नाही. सर रिकामी पिशवी मांडीवर ठेवून बसले होते. वह्या काढून द्याव्यात तर यादी परत येत नव्हती. ती कधीच कंपनीकडे पोचली होती. तिला हात लावायचा कंपनीला अधिकार नाही, एवढं सांगणारा कागद तेवढा आमच्याकडे होता, आणि तो माझ्या फजितीचा होता.

मी संगणकापुढे बसलो. पहिला मसुदा लिहिला, ‘काही तांत्रिक कारणांमुळे नोंदणी प्रलंबित राहिल्याने…’

“खोडा,” सर मागून म्हणाले.

दुसऱ्यात लिहिलं, ‘आम्हा सर्वांच्या नजरचुकीने…’

“किती जणांच्या?” बायकोने विचारलं.

तिसरा मसुदा चार ओळींचा झाला. संस्थेची नोंदणी कधीच झालेली नाही. अर्ज माझ्या खणात आहे. हे फक्त मला माहीत होतं. सभेची सूचना मी आमच्या जिन्याखाली लावली होती. सर्वांत खाली मी सवयीने ‘सेक्रेटरी’ लिहिलं, ते पुसलं आणि नुसतं नाव ठेवलं. ते फारच लहान दिसलं.

कंपनीचा माणूस फोनवर चिडला नाही, उलट थोडा हसला. म्हणाला, “अंकल, एकेकाची साइन घेऊन द्या ना.” नागपूरच्या बाईंनी सही करायला साफ नकार दिला, पुण्याच्याने तर ‘टाकी सापडली की करतो’ असं कळवलं. कंपनीने यादी बाजूला ठेवली आणि स्वतःचा प्रोग्रॅम बांधायला घेतला. मित्र माझ्याशी सात-आठ महिने बोलला नाही. गोडदेव नाक्यावर समोरून आला की तो भाजी बघायला लागायचा. त्याचं बरोबर होतं. प्रोग्रॅमला सांभाळणारं कुणीतरी मिळत होतं, ते गेलं, आणि तो पुढे हळूहळू बंदच पडला. त्यामागे भांडण असं काही नव्हतं. नवे संगणक आले, नव्यांवर तो चालेना, दुरुस्त करायला कुणाला वेळ झाला नाही.

काकांना मी सांगितलं, की ती संस्था नव्हतीच. ते म्हणाले, “असं होय. मग माझं अनुमोदन मागे.”

सरांचं तेवढ्यावर भागलं नव्हतं. दुसऱ्या रविवारी ते पुन्हा आले, बायकोकडे. तिने एका साध्या कागदावर त्यांच्या तोंडून लिहून घेतलं, की ही यादी मी जमवली आहे, ती कुणीही घ्यावी, वाढवावी, वाटावी, कुणी बंद करू नये आणि तिसरा रकाना तिच्यापासून वेगळा करू नये. सरांनी सही केली, कागद निरखला आणि शाळेतल्या माणसाला साजेसा प्रश्न विचारला, “शिक्का न्हाय मारायचा?”

“सर, तो शिक्का खोटा आहे,” मी म्हणालो.

“मग ऱ्हाऊ द्या.”

तो कागद यादीच्या सुरुवातीलाच टाइप होऊन गेला आणि यादी पुन्हा इंटरनेटवर चढली. आमचा प्रोग्रॅम गेला तरी ती राहिली. मोकळी असल्याने दुसऱ्यांनी उचलली. काही वर्षांनी एका अनोळखी माणसाने बनवलेला मराठी टायपिंगचा कीबोर्ड मी उतरवून घेतला, तर त्यात सरांची यादी. मधल्या काळात सरांनी ती वाढवली होती. मी थोरल्या आत्यापासून सुरुवात केली. ती जागेवर होती, बोंबील वाळत घालत. शेजारची म्हातारी भांडत होती. चाळत चाळत खाली गेलो तर ‘त’मध्ये एक शब्द होता जो उत्तनचा नाही, पण सरांच्या घरात बहुधा वापरात आला असावा.

शब्द, तहकूब. अर्थ, चहा पिऊन मग आपल्या मनासारखं करणं. तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, ‘इंद्रलोकचा सेक्रेटरी, कबुली देताना.’

बायकोला दाखवलं. तिने वाचलं आणि म्हणाली, “पद तेवढं त्यांनी राहू दिलं तुमचं.”